आधी नाय, मग खेकडे

सर्व मत्स्यप्रेमींना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की भर आषाढातली आमची वेळणेश्वरची सहल यशस्वी झाली. श्रेय खानावळीच्या मालकीणबाईंचं. त्या कशालाही आधी "नाय" म्हणतात आणि मग निमूट ते काम करतात. माझ्या मित्राला हे ठाऊक नव्हतं.

"मासे आहेत का?" त्याने विचारलं.

"नाय. होड्या वर काढल्यात."

त्याने दुपारच्या एसटीने परत जायचं ठरवून बॅग भरली. माझी सुट्टी बुडाल्यात जमा होती. बाई मात्र शेतात गेल्या, बांधाच्या बिळांत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी डझनभर खेकडे काढले आणि रस्सा केला.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मी मित्राकडे पाहिलं.

"जाऊ दे ती," नांगी फोडता फोडता तो बोलून गेला आणि बाईंकडे वळला. "वहिनी, उद्यापण खेकडे मिळतील ना?"