ढालीची आतली बाजू

फोमचा तुकडा हातात आला की मामा आधी त्यात अंगठा रुतवायचे. मनातल्या मनात काहीतरी मोजायचे, अंगठा काढायचे आणि डोळे बारीक करून त्या खळग्याकडे बघत बसायचे. "उठतंय का बघू," म्हणायचे. खळगा भरून आला तर फोम चांगला, नाहीतर तुकडा कोपऱ्यात. तोवर मी दुकानाच्या दारात घड्याळ बघत उभी, आणि माझी पलूसची बस सुटलेली.

तासगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. ट्रॅक्टरची, मोटरसायकलची सीटं शिवायचे. दुकानाला पाटी नव्हती, आणि सगळी गल्ली मामा म्हणायची म्हणून मीही मामाच म्हणत गेले. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. काम सोन्यासारखं, पण ते करून घेईपर्यंत आपलं डोकं फिरतं.

त्यांचा एक हट्ट होता. कुणी सीट घेऊन आलं की पहिला प्रश्न, "बसणार कोन?" बसणारा माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते कात्री उचलायचे नाहीत. दुकानात एक लोखंडी सांगाडा ठेवलेला, त्यावर त्या माणसाला बसवायचे, पाय कुठे येतात, पाठ किती वाकते ते बघायचे. एकदा बेदाण्याच्या शेडचा एक मालक माझ्यासमोरच चिडला. ट्रॅक्टर माझा, सीट माझी, ड्रायव्हरला कशाला बोलवायचं, म्हणाला. मामा शांतपणे म्हणाले, "बूड त्याचं हाय न्हवं?" मालक बडबडत गेला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला घेऊन आला.

मला तेव्हा हसू आलं होतं. माझी पाळी आली तेव्हा नाही आलं.

मी पलूसच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या मुलींनी मोबाईलवर एक खेळ बघितला: फोमच्या तलवारी, ढाली, दोन फौजा, तलवार अंगाला लागली की बाद. मैदानावर करून बघतो म्हणाल्या. आम्ही त्याला नुसतं 'लढाई' म्हणायचो. माझ्या वर्गात प्रणाली नावाची एक मुलगी होती. हजेरीला 'हजर' म्हणायची तेही शेजारणीला ऐकू जायचं नाही. ती लढाईत उतरली की तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. तिच्यासाठी तरी हा खेळ चालावा असं मला फार वाटायचं.

पण आमच्या पहिल्या ढाली म्हणजे नुसत्या प्लायच्या फळ्या. एकीच्या ढालीची कड दुसरीच्या ओठावर बसली, रक्त आलं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, पुन्हा रक्त दिसलं की खेळ कायमचा बंद. महिन्याभराने सांगलीच्या मुलींचा संघ आमच्याकडे यायचा होता. मला फोम लावलेल्या सहा ढाली हव्या होत्या, आणि फोमचं काम म्हणजे मामा.

मी सगळं समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बसणार कोण. बसायचं नाही मामा, लढायचंय. मग लढणार कोण, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, सहा मुलींना तास बुडवून तासगावात कशी आणू? सगळ्या साधारण एका मापाच्या आहेत. मामांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

आठ दिवसांनी गेले तर एक ढाल तयार होती. काय देखणी शिवण! आतल्या बाजूला मऊ गुबगुबीत गादी, हँडलचे बोल्टसुद्धा तिच्याखाली झाकलेले. आणि बाहेरच्या बाजूला नुसतं रेक्झिन, त्याखाली टणक प्लाय. म्हणजे समोरच्या मुलीच्या तोंडावर बसणारी बाजू जशीच्या तशी. मी कपाळावर हात मारला.

"मामा, उलटं केलंत. मऊ बाजू बाहेर हवी."

"मग धरणाऱ्याला काय?"

"धरणाऱ्याला काही होत नाही. समोरच्याला लागता कामा नये."

मामांनी ढाल उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आयुष्यभर ज्याच्या अंगाखाली सीट, त्याचीच काळजी केलेला माणूस तो. लढाईत समोरच्याचं अंग सांभाळायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मग हळूच हसले आणि म्हणाले, "लय चांगला खेळ हाय की मग."

तेवढ्यावर माझा राग जायला हवा होता. गेला नाही. कारण पुढचे तीन आठवडे मामांनी मला नुसतं झुलवलं. आज फोम नाही, सांगलीहून यायचाय. आज फोम आलाय पण उठत नाही. कडेला टाके घातले ते पटले नाहीत म्हणून उसवले. सामना रविवारी, आणि ढाली हातात पडल्या शनिवारी सकाळी. बाहेर जाड फोम, कडांना तर दुहेरी, अगदी मनासारखं. उलटून बघते तर आतली गादीही तशीच. मी नको म्हणून सांगितलेली.

बोलले असते तर भांडण झालं असतं आणि बस चुकली असती. म्हणून काही बोलले नाही, ढाली बसमध्ये चढवल्या आणि निघाले. हेच चुकलं.

दुपारी मुलींनी ढाली उचलून बघितल्या. मॅडम, जड आहेत, हात दुखतो. प्रणालीने तर दोन्ही हातांनी धरली. माझं डोकं आधीच तापलेलं. प्रयोगशाळेतलं ब्लेड आणलं आणि सहाही ढालींच्या आतल्या गाद्या उसवून काढल्या. मामांचे ते बारीक, एकसारखे टाके टराटरा निघत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. फोमचे तुकडे कचऱ्यात टाकले. ढाली हलक्या झाल्या, मुली खूश.

रविवारी सामना रंगला. सांगलीच्या एकाही मुलीला ओरखडा आला नाही. शेवटच्या डावात प्रणाली ओरडत पुढे धावली, पाय अडखळला आणि ती स्वतःच्याच ढालीवर तोंडघशी पडली. आतल्या बाजूवर. हँडलचा उघडा बोल्ट हनुवटीत गेला. तीन टाके पडले.

प्राचार्य मैदानावरच होते. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मॅडम, आता बास."

सोमवारी मी मामांकडे गेले. का गेले, कुणास ठाऊक. घरी बसवेना. मामांनी माझं तोंड बघून विचारलं, लागलं का कुणाला. मी म्हटलं, धरणारीला लागलं. गादी मी काढली होती, जड होत होती म्हणून.

मला वाटलं, आता हा माणूस बोलेल, आणि बोलावंच. मामा अंगठ्याने मांडीवरचं रेक्झिन चोळत बसले. मग म्हणाले, "आवं बाई, जड हाय म्हणून सांगायचं व्हतं. प्लाय पातळ लावला असता."

एवढंच. मी तिथे उभ्या उभ्या रडले. चिडून रडले. एक वाक्य, आणि तेवढंही मला बोलता आलं नव्हतं.

त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. फक्त त्या पोरीला आणा म्हणाले. खेळ बंद झालाय मामा, आता कशाला, असं मी दोनदा सांगितलं. "असू द्या. बघू तर द्या."

या वेळी आणली. हनुवटीवर पट्टी असलेली प्रणाली त्या दुकानात ढाल धरून उभी राहिली. मामांनी तिला पुढे वाकवलं, आणखी वाकवलं, हनुवटी जिथे टेकली तिथे खडूची खूण केली. मग तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत माप घेतलं. दिसायला सगळ्या मुली एका मापाच्या, पण प्रणालीचा हात मी अंदाजाने सांगितलेल्या मापापेक्षा चांगला चार बोटं आखूड होता. वर्षभर तिला शिकवून मला ते दिसलं नव्हतं. मला झुलवणाऱ्या मामांनी ती एक ढाल चार दिवसांत केली: पातळ प्लाय, तिच्या हातापुरतं जवळ घेतलेलं हँडल, आत गादी, आणि खडूच्या खुणेपाशी फोमचा आणखी एक थर. प्रणालीने ती एका हाताने उचलली. उतरायला मैदान नव्हतं. तिने ती माझ्याकडे दिली आणि हलक्या आवाजात 'थँक्यू मामा' म्हणाली.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. मला महिन्याभराने कळलं, तेही सीट शिवायला गेलेल्या आमच्या शिपायाकडून. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. प्रणाली कधीच पास होऊन गेली. ढाल प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, ॲसिडच्या बाटल्यांपासून लांब, मी कापडात गुंडाळून ठेवली आहे.

यंदा नवीन प्राचार्य आले. लढाई पुन्हा सुरू करायला परवानगी द्या, असा अर्ज मी केलाय. सही अजून झालेली नाही, फाईल टेबलावरून हलत नाही आणि माझा जीव वरखाली होतोय. पण पहिल्या दिवशी अर्जाबरोबर ती ढालही नेली होती. सरांनी ती उलटसुलट केली. बाहेर फोम का ते कळलं म्हणाले. पण आतून कशाला, मॅडम? धरणाऱ्याला काय होतंय?

माझंच वाक्य. धरणारी पडली की तिची हनुवटी इथे येते, म्हटलं. मी टेबलावर वाकले, त्या जास्तीच्या थरात अंगठा रुतवला, मनातल्या मनात मोजलं आणि काढला. सर माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे नको सर," मी म्हटलं. "तिकडे बघा. उठतंय का."