धुक्यातले साठ

माझे वडील दुसऱ्या कुणाच्या गाडीत झोपत नाहीत. तीस वर्षं घाटातून सरकारी बस चालवली, एकही अपघात नाही. पण स्टिअरिंगवर दुसरा कुणी असला की आबांचे डोळे रस्त्यावर आणि उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर. माझ्या लग्नाहून परतताना वऱ्हाडाची अख्खी बस घोरत होती म्हणे, आणि आबा ड्रायव्हरशेजारी टक्क जागे. भावाला त्यांनी दहावीतच जीप शिकवली. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "तुला काय करायचंय?" ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, विसरणारही नाही.

म्हणून गेल्या हिवाळ्यात ते अबुधाबीला आमच्याकडे आले तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या गाडीत त्यांनी एकदा निवांत बसावं. गाडी म्हणजे माझी फोर-व्हील ड्राइव्ह, सेकंडहँड, पण माझ्या पगारातली. नवरा निम्मा महिना समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्युटीला असतो, त्यामुळे मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घराची ड्रायव्हर मीच.

थंडी पडली की इथली मराठी मंडळी सुट्टीच्या पहाटे वाळवंट गाठतात आणि वाळूत चटई टाकून मिसळ खातात. एका शनिवारी आम्हीही गेलो. आबा, मी आणि आमची कॉलेजात जाणारी लेक. मी टायरमधली हवा कमी केली, चारही चाकांना जोर देणारा छोटा गिअर फोरवर टाकला आणि पहिल्या फटक्यात टेकडी चढवली. आबांनी मिसळ दोनदा मागून घेतली. मी तीच शाबासकी समजले.

परत निघालो तर धुकं उतरलेलं. दहा वाजता लेकीचा ड्रायव्हिंगचा क्लास होता, थांबायची सोय नव्हती. पंपावर टायरमध्ये हवा भरली, पण छोटा गिअर मुद्दाम फोरवरच ठेवला. चारही चाकं ओढतायत म्हणजे गाडी रस्ता घट्ट धरणार, आपण बिनधास्त जायचं, असं माझं शहाणपण. पंपापुढच्या राउंडअबाउटला गाडी वळताना आखडली आणि खालून कुरकुरली.

"बाळ, चाकं आखडतायत बघ," आबा म्हणाले.

"आबा, ही फोर-व्हील आहे. तुमच्या बसला नव्हतं असलं काही. धुक्यात हेच सेफ असतं."

ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचा उजवा पाय मात्र दाबलेलाच होता. हायवेला लागले तसे मी घाटातल्यासारखे चारही इंडिकेटर लावले. मागून लेक ओरडली, "ममा, हझार्ड्स ऑफ! यू कान्ट ड्राइव्ह विथ दॅट ऑन!" एकाचं बोलून झालं, आता दुसरी. मी चरफडत बंद केले. वरच्या बोर्डावर धुक्यासाठी उतरवलेल्या वेगमर्यादेचा, ऐंशीचा आकडा चमकत होता आणि माझा काटा शंभरावर होता.

पांढऱ्या धुक्यातून एकदम दोन लाल दिवे अंगावर आले. पुढे ट्रकांची रांग उभी होती. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. ओल्या रस्त्यावर गाडी सरकत सरकत गेली आणि ट्रकापासून हातभर अंतरावर थांबली. आता तेच 'तुला काय करायचंय?' पुन्हा ऐकावं लागणार, अशी माझी खात्री झाली.

आबा हळूच म्हणाले, "ओढायला चार चाकं आहेत तुझी, खरंय. थांबायला मात्र सगळ्यांना सारखेच ब्रेक. जेवढं दिसतंय त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, तेवढाच वेग ठेवायचा. धुक्यात मी वीसनं जायचो. पॅसेंजर शिव्या द्यायचे."

"तुम्हाला भीती वाटायची?"

"रोज."

रांग हलली. मी छोटा गिअर टूवर घेतला, डावीकडच्या वेगवान लेनचा मोह सोडला आणि उजव्या कडेनं, पुढच्या दिव्यांपासून लांब राहून चालले. धुकं जरा विरळ झालं तेव्हा साठ गाठले, त्यावर काटा जाऊ दिला नाही. शेजारून एक जण हॉर्न वाजवत निघून गेला.

"ममा, आय विल मिस माय क्लास."

"मिस होऊ दे. खलास."

आबांची पुढची सूचना कशी येत नाही, म्हणून मी बाजूला पाहिलं. त्यांची मान खिडकीकडे कलंडली होती, तोंड थोडं उघडं होतं. उजवा पाय सैल पडला होता.

"ममा, आजोबा इज स्लीपिंग," लेक म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिला काय कळणार! माझे डोळे भरून आले होते, आणि रस्ता दिसायला हवा म्हणून मी ते घाईनं पुसले.

धुकं विरलं. ऊन पडलं. आमच्या घराचं एक्झिट आलं. मी वळले नाही. तशीच साठनं पुढे जात राहिले.