चार मिनिटांवरचं घर

जेद्दामध्ये अल अझीझियात माझं नळांचं दुकान आहे. नळ, शॉवर, बेसिन, पाइप, न्हाणीघराला लागतं ते सगळं. रत्नागिरीकडून आलो तेव्हा अशाच एका दुकानात मी खोकी उचलत होतो. पुढे जे काही झालं ते मी स्वतः केलं, आणि ते भाव करता येतो म्हणून केलं.

इथे आम्ही पहिल्यापासून भाड्याच्या घरात राहतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी. इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं की भाड्याचा करार, तो झाला की पुन्हा इकामा, असं वर्ष जातं. बायकोने याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण मुलगी डॉक्टर होऊन इंग्लंडला गेली, तिथे तिला मूल झालं, आणि बायको वर्षातले काही महिने व्हिसावर तिकडे जाऊ लागली. दुसऱ्या मुलाची चाहूल लागली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "मला पोरीच्या घरी चालत जाता येईल असं घर हवं. मी गाडी चालवत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. पाय आहेत."

मुलगी राहते ते उपनगर शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. एका कारखानदाराने ते आपल्या कामगारांसाठी बांधलं. आता तिथे डॉक्टर आणि प्राध्यापक राहतात. विटांची घरं, उतरती कौलं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं इतकी दाट की जूनमध्ये दुपारीही सावलीतून चालावं लागतं. कुंपणाला भिंत चालत नाही, झुडपांचीच रांग हवी, आणि तीही ठरलेल्या उंचीची. दाराला कुठला रंग लावायचा ते एक समिती सांगते. आपल्याच पैशाने घ्यायचं आणि दुसऱ्याला विचारून रंगवायचं, हे मला पटलं नव्हतं. पण बायको त्या झाडांखालून चालायची तेव्हा तिचा वेग बदलायचा. जेद्दात ती उन्हाला चुकवत भरभर चालते.

मुलीच्या दारापासून चालत चार मिनिटांवर एक घर विकायला होतं. मालकीण सत्तरीच्या पुढची, एकटी. एजंट तरुण मुलगी होती. घर दाखवताना मालकाने समोर नसावं असं तिला वाटत असावं, पण बाई घरीच होत्या आणि त्यांनी आम्हाला चहा दिला. मागच्या पायरीशी पुदिना वाढला होता. बायकोने एक पान चुरगळून वास घेतला. बाईंनी लगेच कात्री आणून एक जुडी कापून दिली. दोघींचं बोलणं एवढंच.

मी न्हाणीघर पाहिलं. गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगळे, पाइप जुने. उत्तरेकडच्या भिंतीला ओल होती, पोपडे नुकतेच खरवडून रंग दिला होता. मी बोट टेकवलं. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पुढे येऊन भिंतीवर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "ही भिंत हिवाळ्यात ओली होते. किंमत तेवढं धरूनच लावली आहे." बरोबर आलेल्या आमच्या मुलीने ते मला हळूच हिंदीत सांगितलं. मला इंग्रजीतच कळलं होतं. मी मान डोलावली.

भाव तीन दिवसांत ठरला. मी कमी सांगितलं, त्यांनी थोडं कमी केलं, मी थोडं वाढवलं. बाईंनी होकार कळवला. विकायची पाटी दारावरून गेली. बायकोने मुलीला फोनवर सांगितलं की स्वयंपाकघरात पिठाचा डबा खिडकीखाली ठेवायचा. मी जेद्दाला परतलो होतो.

आता मी जे केलं ते आमच्या बाजारात रोज होतं. आमच्याकडे भाव दोनदा ठरतो. एकदा तोंडी, आणि एकदा माल गाडीत चढताना. माल चढताना गिऱ्हाइकाला बेसिनवर ओरखडा दिसतो. दुकानदार ओरडतो, शपथा घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, खलास, नको मला. दारातून बाहेर पडतं, चार पावलं जातं. तेव्हा हाक मारायची. आधी मारली तर तुम्ही कच्चे, उशीर झाला तर ते शेजारच्या दुकानात शिरतं. ही हाक मी हजारो वेळा मारली आहे आणि तितक्याच वेळा ऐकली आहे. दुसऱ्या भावासाठी थोडी जागा प्रत्येक जण पहिल्यात राखून ठेवतो. यात कुणी कुणाला फसवत नाही.

तिकडे घर घेण्याआधी माणूस पाठवून तपासणी करून घेतात. त्याचा अहवाल आला. पन्नास पानांत एक ओळ होती: न्हाणीघराच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल. मी याच ओळीची वाट पाहत होतो. भिंत पाहिली तेव्हाच ती मी दुसऱ्या फेरीसाठी ठेवली होती. एजंटला फोन केला आणि म्हटलं, ही भिंत म्हणजे मोठं काम आहे, इतके हजार पौंड कमी करा, नाहीतर मी घर सोडतो.

"तुम्ही घर सोडता, असं बाईंना कळवू?" तिने विचारलं.

"कळवा."

"ठीक आहे. कळवते. धन्यवाद."

मुलीचा फोन आला. "अब्बा, प्लीज़, यहाँ ऐसे नहीं चलता."

"सगळीकडे चालतं. एक आठवडा कुणी फोन करायचा नाही. तू नाही, तुझी अम्मी नाही."

"अम्मी रोज़ पूछेंगी."

"विचारू दे."

बायको तेव्हा माझ्याबरोबर जेद्दातच होती. तिने रोज विचारलं नाही. एकदाच विचारलं, चौथ्या दिवशी, भात वाढताना. "हाक आली का?"

पाचव्या दिवशी ईमेल आली. दोन ओळींची. बाईंनी तुमचा निर्णय समजून घेतला आहे. ती भिंत त्यांनी तुम्हाला स्वतः दाखवली होती, एवढं त्यांना नमूद करायचं आहे. तुमच्या पुढील शोधासाठी शुभेच्छा.

मी फोन केला. ठरलेला भाव देतो म्हटलं. मग त्यावर दोन हजार जास्त म्हटलं. मग ओरडलो. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. एजंट मुलगी प्रत्येक वेळी तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतं. बाईंनी दुसरा प्रस्ताव स्वीकारला आहे." तिने एकदा तरी आवाज चढवला असता तर मला पुढे काय बोलायचं ते सुचलं असतं.

माझी तक्रार इथे संपत नाही. त्या देशात कुठलं घर कितीला गेलं ते कुणालाही पाहता येतं. काही महिन्यांनी मी पाहिलं. ते घर माझ्या ठरलेल्या भावापेक्षा कमीला गेलं होतं. फार नाही, थोडं. म्हणजे भिंतीचे पैसे बाईंनी कमी केलेच. ते मला मिळाले नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी मिळाले.

मी तो आकडा बायकोला दाखवला. म्हटलं, बघ, जागा होती की नाही?

"घेणाऱ्यांनी सरळ विचारलं असेल," ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"तुम्ही धमकी दिली. आणि भिंत माहीत असून माहीत नसल्यासारखं केलंत. मी तिथेच उभी होते हो."

"तुला इंग्रजी कळतं कुठे?"

"बाईंनी भिंतीवर हात ठेवला, तुम्ही मान हलवलीत. त्यात इंग्रजी काय?"

यावर माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे. बाईंना राग आला होता तर त्यांनी तो दाखवायचा. शिव्या द्यायच्या, फोन आपटायचा. रागावलेल्या माणसाशी व्यवहार पुन्हा जुळवता येतो, तीस वर्षं मी तेच केलं. दोन ओळी लिहून शुभेच्छा देणाऱ्या माणसाशी काय करायचं?

त्या झाडांच्या वस्तीत नंतर एकच घर निघालं, आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. दुसरं मूल झालं. बायको तिकडे गेली, आणि त्या खेपेला मायलेकींनी घर पाहिलं, ठरवलं, घेतलंसुद्धा. मला फोटो आले ते सगळं ठरल्यावर. घर ठीक आहे. मोठ्या रस्त्यावर, समोर गाड्या धुण्याचं दुकान, झाड एकही नाही. किती कमी केलं, असं मी विचारलं. बायको म्हणाली, "त्यांनी सांगितलं, आम्ही हो म्हटलं. तुम्ही सही कुठे करायची तेवढं बघा." सही साक्षीदारासमोर करायची होती. शेजारच्या दुकानातल्या येमेनी मित्राला बोलावलं. त्याने माझ्या नावाखाली सही केली आणि मिठाई मागितली.

यंदा हिवाळ्यात मी तिथे महिनाभर होतो. बायको रोज सकाळी सातला निघते. नातीला शाळेत सोडायचं असतं, मग धाकट्याला सांभाळायचं. बसने पंचवीस मिनिटं, उतरून पुन्हा दहा मिनिटं चालणं. बसच्या क्रमांकाचा कागद तिने पहिल्या आठवड्यातच फेकून दिला, असं मुलीने सांगितलं. एका सकाळी मी तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेलो, पाऊस होता. मी म्हटलं, टॅक्सी करू, रोज करू, मी देतो पैसे.

"नको."

"मग मी येतो बरोबर."

"तुम्ही घरी बसा. तुम्ही आलात की ड्रायव्हरशी तिकिटाचा भाव करत बसाल, आणि बस थांबून राहील. पोरीला कामावर जायचं असतं."

बस आली. तिने कार्ड टेकवलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली, तो हसून काहीतरी म्हणाला. ती पुढच्या खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी हात वर केला. काच वाफेने भरली होती, तिला दिसलं की नाही ते कळलं नाही. पुढची बस बारा मिनिटांनी होती. मी घरी गेलो.