मुक्कामाची वाटी

जेवण होऊन मागचं आवरून झालंय, आणि शालनताई टेबलावर पसरलेल्या केनियाच्या नकाशासमोर हनुवटीला हात लावून बसल्यात. डोळे जड झालेत. थोड्या वेळात टूरवाल्या मुलीचा फोन येणार, आणि कोणतं जंगल आधी, कोणतं नंतर, ते तिला आज सांगावंच लागणार. तंबू आधीपासून राखून ठेवावे लागतात म्हणे.

खरं सांगायचं तर शालनताईंना आफ्रिका बघायचीच नव्हती. हौस होती ती दिनकररावांना, त्यांच्या यजमानांना. एसटीच्या गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात या माणसाचा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्याने सिंह-हत्तींचं वेळापत्रक लावायला घेतलं. रोज दुपारी नकाशावर एकेका मुक्कामाला एक अशा चार वाट्या क्रमाने उपड्या मांडायच्या. अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा. हत्ती आधी की पक्षी आधी, सिंह पहिल्यांदा की शेवटी, यावर चहा गार व्हायचा. संध्याकाळी क्रम पक्का, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाढे पंचावन्न. असं करता करता गेल्या उन्हाळ्यात ते स्वतःच निघून गेले.

दहाव्याला कऱ्हाडच्या संगमावर कावळा शिवेना. मुलीने, वैजयंतीने, आईला जपेन म्हणून हात जोडले. जावयाने जोडले. कावळे आपले झाडावर ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, तसे धाकटे दीर पोपटराव पुढे झाले. त्यांना भूक अजिबात निघत नाही. ते म्हणाले, "दादा, तुझं आफ्रिकेचं राहिलं ना? वहिनी जाऊन येतील. तुझ्या मनात होतं, त्याच क्रमानं." बोलायचा अवकाश, कावळ्याने झडप घातली.

पोपटराव जेवायला मोकळे झाले आणि शालनताई अडकल्या. बोलून जायचं एकाने आणि निस्तरायचं दुसऱ्याने. मनातला क्रम कोणता, हे मनवाल्यालाच ठाऊक. तो चुकला तर ते मधेच कुठेतरी लोंबकळत राहतील, ही धास्ती शालनताईंच्या पोटात बसली ती बसलीच. वैजू सोबत येणार आहे. ती म्हणते, आई, असं काही नसतं. नसेलही. पण कावळा शालनताईंनी डोळ्यांनी पाहिलाय.

नकाशावर आज वाट्या तीनच आहेत. चौथीतून घाटावर दही नेलं होतं, ती त्या गडबडीत वाळूत राहिली, आणि घाटावर राहिलेलं परत आणायला कोणी जात नाही. लग्नातल्या, मुठीत मावतील एवढ्या वाट्या त्या, प्रत्येकीवर 'शा. दि. निकम' असं कोरलेलं. चौथीच्या जागी शालनताई डब्याचं झाकण ठेवतात. ते त्या इकडे सरकवतात, तिकडे सरकवतात, आणि झाकण जड होत जातं.

"झाकणानं कसं जमंल?" कोणीतरी म्हणतं.

समोरच्या खुर्चीत दिनकरराव बसलेत. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. शालनताईंना नवल वाटत नाही. भांडी तर घासून झाली, आता यांना वाढायचं कशात, एवढीच काळजी वाटते. त्या तसं विचारतात, तर ते हातानेच नको म्हणतात. त्यांचं लक्ष नकाशावर.

टेबलाची कड आता खिडकीची चौकट झालीय आणि पलीकडे कऱ्हाडचा स्टँड आहे. रसवंतीच्या सावलीला एक हत्तीण पिल्लू घेऊन उभी आहे. नाकुरूमार्गे मसाई माराला जाणारी गाडी लागल्याचं भोंग्यावर सांगतायत, आणि लोक नेहमीसारखे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतायत. फलाटाच्या फरशीतून कमरेएवढं गवत वर आलंय. शालनताईंचा पदर त्यात अडकतो, त्या तो सोडवून घेतात.

"अहो, क्रम सांगा एकदाचा. भाऊजींनी शब्द दिलाय."

"पोप्यानं?" दिनकरराव हसतात. "त्याला काय म्हाईत माझ्या मनातलं?"

"पण कावळा शिवला."

"कावळ्याला भूक लागली असंल."

शालनताईंना राग येतो. मेल्यावरही या माणसाची थट्टा जात नाही, आणि इथे बायकोचा जीव टांगणीला. त्या तसं बोलूनही दाखवतात. मग ते जरा गंभीर होऊन समजावायला लागतात, पूर्वी नव्या कारकुनांना समजवायचे तसे. गाडीचा मार्ग कधी पहिल्या थांब्यापासून लावायचा नसतो. रात्री गाडी कुठे मुक्कामाला थांबणार, ते गाव आधी धरायचं आणि तिथून मागे मागे यायचं. शेवट ठरला की बाकीचं आपोआप लागतं.

"मग शेवट कुठला?"

दिनकरराव वाटीवर हात ठेवतात आणि उचलून घेतात. दुसरीवर ठेवतात, उचलतात.

"तितंच तर अडतंय गं," ते म्हणतात. "शेवटची वाटी मांडली की संपलंच. म्हणून रोज उचलायचो."

एवढी वर्षं शालनताईंना वाटत होतं, या माणसाला ठरवता येत नाही.

आता ते टेबलाशी नाहीत. समोर मुक्कामाची गाडी लागलीय, तिला पाटीच नाही, आणि ते खिडकीत बसलेत. आत दुसरं कोणी नाही. ड्रायव्हरच्या जागीही कोणी नाही, तरी इंजिन धडधडतंय. ते खिडकीतून हात बाहेर काढून काहीतरी शालनताईंच्या मुठीत देतात. गार, ओलं.

"ही तेवढी तू मांड. कुठं बी मांड, चालतंय. मांडलीस की गाडी सुटंल."

"आणि नाही मांडली तर?"

नोकरीत गाडीसाठी ताटकळलेल्यांकडे बघायचे, तसे ते शालनताईंकडे बघत राहतात. शालनताईंना म्हणायचं असतं, उतरा खाली, चहा टाकते. भोंगा वाजतो, वाजतच राहतो.

फोन वाजतोय. शालनताई टेबलावरून डोकं उचलतात. गालाला नकाशाची घडी रुतलीय, झाकण खाली जमिनीवर पडलंय. उजवी मूठ आवळलेली आहे. त्या डाव्या हाताने फोन घेतात आणि मूठ उघडतात.

मुठीत वाटी आहे. ओली, आत नदीची बारीक वाळू चिकटलेली. कडेला 'शा. दि. निकम'.

टूरवाली मुलगी विचारतेय, काकू, ठरलं का. शालनताईंच्या तोंडून नैवाशा, नाकुरू, मसाई मारा अशी नावं जशी येतील तशी निघतात, आणि ती लिहून घेते.

"म्हणजे शेवटचा मुक्काम अंबोसेलीला. पक्कं करू ना?"

शालनताई वाटी अंबोसेलीवर नेतात. एवढंसं तर काम. कागदापासून बोटभर वर हात थांबतो, आणि काही केल्या खाली जात नाही. दिनकररावांनी सुटावं म्हणून वर्षभर जीव पाखडला, आणि आता ही वाटी टेकली की त्यांची गाडी सुटणार.

"काकू? ऐकताय ना?"

"ऐकतेय," शालनताई म्हणतात, आणि वाटी तशीच अधांतरी धरून बसून राहतात.