अठरा नंबरचं जुळं

पानेबाईशी सकाळी आठच्या आत बोलायला जाऊ नये, असं त्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे. आठनंतर गेलं तरी फार फरक पडायचा नाही म्हणा, पण तोवर तिचा चहा झालेला असायचा. बावीस वर्षं ती कपडे धुण्याची मशीन जोडत होती. घरातली नव्हेत, हॉस्पिटलात बसवतात ती, एका वेळी शंभर किलो चादरी पोटात घेणारी. खिशात चोवीस नंबरचा पाना आणि जिभेवर त्याहून जड काहीतरी, म्हणून नाव पानेबाई. खरं नाव हजेरीच्या यंत्रालाच काय ते माहीत.

कामाला मात्र वाघीण, यात वाद नाही. खोड एकच. प्रत्येक मशीनबरोबर एक कार्ड फिरायचं. कुठला भाग बसवला, त्याचा नंबर काय, खाली बसवणाऱ्याची सही. नियम असा, की भाग बसला की मग लिहायचं. पानेबाई सकाळचा चहा पिता पिताच दिवसभराची कार्डं भरून मोकळी व्हायची. "संध्याकाळी हात ग्रीसने बरबटलेले असतात, तेव्हा काय कपाळाने लिहू?" असं विचारायची. आणि बहुतेक दिवशी सकाळी लिहिलेलं ती संध्याकाळपर्यंत तस्संच करायची.

बहुतेक दिवशी. कारण त्या विभागात उसनवारी चालायची. आपला भाग आला नाही किंवा बसत नाही म्हटल्यावर शेजारच्या मशीनचा काढून लावायचा, नवा आला की परत द्यायचा. सगळेच करायचे आणि लिहायचं कोणीच नाही.

सहा वर्षांपूर्वी सतरा आणि अठरा नंबरची मशीन शेजारी शेजारी उभी होती. सतरा जायचं होतं लाँड्रीचं काम शिकवणाऱ्या एका केंद्रात, दिवसातून दोनदा फिरलं तर फिरलं. अठरा जायचं होतं हॉस्पिटलात, म्हणजे दिवसभर राबायला. बेअरिंग ज्यात बसतं ते लोखंडी ओतीव घर सतराच्या वाट्याला सांधलेलं आलं होतं. ओतताना भोक राहिलं होतं, ते वेल्डिंगने बुजवलेलं. हलक्या कामाला चालेल, असा शिक्का होता त्यावर. अठराचं घर अखंड. पानेबाईने सकाळी दोन्ही कार्डं तशीच भरली, सह्या ठोकल्या.

दुपारी ट्रक दारात आला तो सतरा न्यायला. आणि सतराचा दांडा त्या सांधलेल्या घरात जाईना. घासायला दोन दिवस लागले असते. पानेबाईने अठराचं अखंड घर काढलं, सतराला लावलं, ट्रक रवाना केला. अठराला नवं घर आलं की लावू. ते आलंच नाही. मग एके दिवशी तिने सांधलेलंच घर घासूनपुसून अठराला बसवलं आणि दुसऱ्या कामाला लागली. कार्ड बदलायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, 'बघू नंतर' म्हणाली आणि विसरली.

पुढे दोनेक वर्षांपूर्वी कारखान्यात जुळेवाला आला. वरच्या मजल्यावर काचेची खोली, समोर चार पडदे, गळ्यात पट्टा. त्याच्या पदाचं नाव लांबलचक होतं. पानेबाईने पहिल्याच दिवशी त्याला जुळेवाला केलं आणि तेच रूढ झालं.

त्याने सगळ्यांना बोलावून समजावलं. "हे बघा, मशीन कागदावर आखलं जातं तेव्हाच त्याचं जुळं संगणकात जन्माला येतं. तुम्ही इथे जोडता, तेव्हा तिथे तेही जोडलं जातं. मशीन गिऱ्हाइकाकडे गेलं, की सेन्सरमधून रोजची खबर येते: किती फिरलं, किती तापलं, किती थरथरलं. त्यावरून जुळं आपल्याला सांगतं, की अमुक भाग आता बदला. थेट भंगारात जाईपर्यंत."

"म्हणजे चित्र," पानेबाई म्हणाली.

"चित्र नाही, बाई. चित्राला मशीनचं काही कळत नाही. याला कळतं, आणि हे उलट आपल्याला सांगतं. दोन्हीकडून बोलणं चालू असेल, तरच जुळं म्हणायचं."

"अरे, माझ्या घरात दोन जावा नऊ वर्षं बोलत नाहीत, आणि तुझी लोखंडं बोलणार!"

सगळे हसले. जुळेवाला नाही हसला. तो असल्या गोष्टींना हसायचाच नाही, आणि तेच तिच्या फार डोक्यात जायचं. जन्मात नट आवळला नाही आणि आम्हाला शिकवतो.

महिनाभराने तो खाली आला, हातात जुन्या कार्डांचा गठ्ठा. बाहेर गेलेल्या जुन्या मशीनचीही, सेन्सर बसवून, जुळी करायची होती. "बाई, उसनवारी चालते हे मला माहीत आहे. या कार्डांत कुठे भागांची अदलाबदल झाली असेल, तर आत्ता सांगा. कोणालाही जाब विचारणार नाही. पण एकदा जुळं बनलं, की ते या कार्डावरच चालणार."

आता हे काही वाईट बोलणं नव्हतं. पण सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि कार्डावर सही तिची होती. "माझ्या कार्डावर संशय घेतोस? तू शाळेत होतास तेव्हापासून मी मशीन जोडतेय. लिहिलंय ते तंतोतंत. अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल." तेव्हा तिला सतरा-अठरा आठवलंही नाही. आठवायला क्षणभर थांबावं लागतं, आणि ती थांबली नाही.

त्याने गठ्ठ्यावर लिहिलं, 'खात्री केली', आणि निघून गेला.

तर ती न बोलणारी जाऊ. पानेबाई थोरली, खालच्या मजल्यावर. धाकटी वरच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा दोघींनी आठवडे वाटून घेतले होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा: गोल म्हणजे थोरली, फुली म्हणजे धाकटी. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर आले आणि चादर उचलून बघतात तर पाठीला जखमा, चार दिवस अंग पुसलेलं नाही. सगळं गोत जमलं. थोरलीने कॅलेंडरवर बोट ठेवलं. "फुली आहे. फुली म्हणजे कोण?" धाकटी रडून सांगत होती, "वहिनी, तुमच्या शिफ्टसाठी आपण आठवडे बदलले होते, मी आधीचा घेतला होता." थोरली म्हणाली, "कॅलेंडरवर आहे का तसं?" नव्हतं. घरच्यांनी कॅलेंडरचं ऐकलं. धाकटीचा नवरासुद्धा महिनाभर तिच्या हातचं जेवला नाही.

तेव्हापासून दोघींचं बोलणं भिंतीमार्फत. जिन्यात उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात भिंतीला सांगायचं. धाकटी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली होती. एका संध्याकाळी ती वर जाता जाता मधल्या पायरीवर थांबली.

"भिंते, ऐक गं. कुणाच्या कारखान्याचं आहे ते मशीन कोण जाणे. अठरा नंबर. पिळायला लागलं की घुमतं, खालची लादी हलते. तीनदा कळवलं. म्हणतात, तुमच्या मशीनचं जुळं हिरवं आहे, ठणठणीत आहे. आता जुळं ठणठणीत असून मला काय उपयोग? मी उभी असते ती खऱ्यासमोर."

"भिंते," थोरली आतून ओरडली, "सांग म्हणावं, चादरी कोंबताना तोल बघावा. मशीनला नावं ठेवणाऱ्या वेंधळ्या पुष्कळ पाहिल्यात."

वरचं दार आपटलं. थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. सगळा दिवस त्या घुमणाऱ्या धुडासमोर उभी राहते म्हणजे राहू दे! गाणं गुणगुणत ती हात धुवायला मोरीवर गेली. अर्ध्यात नळ तसाच सोडून उभी राहिली.

अठरा.

ट्रक आठवला, न जाणारा दांडा आठवला, पान्याने सोडवलेलं ते अखंड घर आठवलं. सांधलेलं घर सहा वर्षं दिवसभर शंभर किलो ओल्या चादरी गरगरा फिरवतंय. आणि जुळ्याला वाटतंय की ते अखंड आहे. ते तुटलं तर ड्रम जागेवर राहत नाही. दार फोडून बाहेर येतो, आणि दारासमोर कोण असतं ते पानेबाईला चांगलं माहीत होतं.

जेवण गेलं नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. एक कार्ड खोटं निघालं की बावीस वर्षांची सगळी कार्डं खोटी. आणि हे सगळं कोणासाठी, तर तिच्यासाठी!

सकाळी साडेसातला ती काचेच्या खोलीत. "अठरा नंबर बंद कर."

जुळेवाल्याने पडदा बघितला. "हिरवं आहे. थरथर थोडी वाढलीय, पण अखंड घराला एवढी चालते."

"मी सांगते म्हणून बंद कर."

"बाई, हॉस्पिटलच्या चादरी धुतं ते. कारण काय लिहू?"

"कारण बिरण काही नाही. माझे हात सांगताहेत."

"तुमचे हात कुठल्या रकान्यात भरू?" तो शांतपणे म्हणाला, आणि तिला त्याचा गळ्यातला पट्टा ओढावासा वाटला. "उलट जुळ्यांमुळेच आपल्याला किती कळलं बघा. हे सतरा. सांधलेलं घर, आणि सहा वर्षांत कणभर झीज नाही. एवढं सांधकाम टिकतं म्हटल्यावर आम्ही नव्या मशीनच्या आराखड्यात सांधलेली घरं जड कामालाही घेतोय. पुढच्या महिन्यापासून."

पानेबाई पडद्याजवळ सरकली. तिचं एक कार्ड आता कागदावरच्या, अजून न जन्मलेल्या मशीनपर्यंत जाऊन पोचलं होतं. अठराच्या पडद्यावर एक बारीक आकडा वर सरकत होता. पिळायला सुरुवात झाली होती.

"आत्ता तिथे कोण उभं आहे?" तिने विचारलं.

मशीन सुरू करणाऱ्याचं नाव पडद्यावर यायचं, ते त्याने वाचून दाखवलं: धाकटीचं.

"सतराचं घर अखंड आहे," पानेबाई म्हणाली. "सांधलेलं अठराला आहे. मी बदललं. कार्ड आधीच भरलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी चष्म्यावरून बोलले. आता माझ्या तोंडाकडे काय बघतोस, बदल ते!"

त्याने अठराच्या नोंदीत एक शब्द बदलला. बाकी काही नाही. तीच थरथर, तोच आकडा, आणि अख्खा पडदा लाल झाला. जुळेवाल्याने फोन उचलला. पलीकडे कोणीतरी लाल बटण दाबलं आणि आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला.

दुपारी मशीन उघडलं. सांध्याच्या कडेने वीतभर चीर गेलेली. दोन दिवस, फार तर तीन, असं उघडणारा म्हणाला. नव्या आराखड्यातून सांधलेली घरं त्याच दिवशी काढून टाकली.

"जुळं खोटं बोलत नव्हतं, बाई," जुळेवाला म्हणाला. रागाने नाही, म्हणूनच जास्त लागलं. "तुम्ही कार्डावर लिहिलंत तेच खरं धरून ते बोलत होतं." संध्याकाळी मोठ्या साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. अठराच्या जुळ्यात, जन्माच्या पानावर, दोषाचं कारण म्हणून तिचा क्रमांक लिहिला गेला, आणि तो मशीन भंगारात जाईपर्यंत तिथेच राहणार. पाना तिचा स्वतःचा होता, तेवढा घेऊन ती घरी आली.

धाकटी मधल्या पायरीवर उभी होती. सगळं कळलं होतं तिला.

"भिंते," ती म्हणाली, पण आवाज फुटला, आणि तिने तोंड वळवून थेट विचारलं. "वहिनी, तुम्ही केलंत ते?"

"हो."

"काल मी सांगत होते, तेव्हा माहीत होतं?"

"तेव्हा नाही. पण तू सांगत होतीस तेव्हा मला बरं वाटलं होतं."

धाकटीने मान हलवली, जणू यात नवीन काहीच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "कार्ड आधीच भरून ठेवता म्हणे तुम्ही. सकाळीच."

"हो."

"आणि कॅलेंडर?"

पानेबाईने हातातला पाना या हातातून त्या हातात घेतला. नाही म्हणणं किती सोपं होतं. अकरा वर्षं ती तेच म्हणत आली होती, आणि इतक्यांदा, की तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"महिन्याच्या पहिल्या तारखेला भरलं होतं," ती म्हणाली. "मग आपण आठवडे बदलले. मी फुली खोडली नाही. तो आठवडा माझा होता."

वरच्या दारात धाकटीचा नवरा येऊन उभा होता. त्याने ऐकलं. धाकटीने त्याच्याकडे बघितलं, मग थोरलीकडे. पदराने डोळे पुसले, एक एक पायरी चढली आणि दारातून वळली.

"वहिनी, आजपासून भिंतीलाही काही सांगू नका."

दार लागलं. या वेळी आपटलं नाही. थोरलीने आत जाऊन भिंतीवरचं या वर्षीचं कॅलेंडर काढलं. पुढच्या सगळ्या महिन्यांत तिच्या शिफ्टचे गोल आधीच भरलेले होते.