नाकाला ओवाळली उदबत्ती

आमच्या दारातली लिंबोणी बायकोनं लावलेली. चिखलीतल्या आमच्या आळीत कुणाला मळमळू दे नाहीतर कुणाकडे पोहे होऊ देत, लिंबू आमच्याच दारातून जाणार. यंदा तिची पानं पिवळी पडली. कृषी महाविद्यालयात संशोधन करणारी मुलगी म्हणाली, "लिंबावरचा तो औषध नसलेला रोग असेल तर तोडावी लागेल. नाहीतर किडे तो शेजारच्या झाडांवर नेतात."

बायको चिखलीच्याच जुन्या गावकऱ्यांतली. म्हणाली, "आदी खात्री कर. मग कुऱ्हाडीचं बोल."

मुलीनं कॉलेजातून डब्याएवढं यंत्र आणलं. आजारी झाडाची पानं हवेत वेगळी रसायनं सोडतात म्हणे. हे यंत्र ती हुंगतं. फांदीला पिशवी बांधायची आणि आतली हवा नळीनं ओढायची, बस.

आता माझा जन्म गेला वर्कशॉपमध्ये. आमच्याकडे लेथ येवो की मिक्सर, पूजेशिवाय बटण दाबत नाहीत. मुलगी चहा घेत होती, तेवढ्यात मी यंत्राला कुंकू लावलं, कापूर पेटवला, उदबत्ती ओवाळली. नळीलाही ओवाळली, तिनं काय पाप केलंय?

मग मुलीनं यंत्र सुरू केलं आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"बाबा, आपल्या लिंबोणीला चंदनाचा वास येतोय."

"वा!"

"वा काय? यंत्राला ओवाळलंत का?"

"जरासं."

"अवो, ते नाक हाय," बायको म्हणाली. "नाकात कुणी उदबत्ती खुपसतं व्हय?"

उरलेला दिवस यंत्रातून स्वच्छ हवा फिरवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मला साबण बंद, डोक्याला तेल बंद, आणि अंगणात यायलाही बंदी. खिडकीतून बघत होतो. बायको पिशवी बांधलेल्या फांदीजवळ उभी होती, श्वाससुद्धा जपून घेत.

"रोगाचा वास नाही," मुलगी म्हणाली. तरी तिनं पानं प्रयोगशाळेत पाठवली. तिथूनही तेच आलं. रोग नाही, जस्त कमी पडलंय, झाड उपाशी आहे.

"उपाशी?" बायको कडाडली. "माझ्या दारात?"

आणि मग हसत सुटली ती थांबेचना. संध्याकाळी आळीभर सरबत वाटलं. यंत्र परत निघालं तेव्हा मी नारळ पाठीमागे धरून उभा होतो.

"फोडा," बायको म्हणाली. "पन गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर."