तायडे डायवरांची हनुवटी

सुखदेवराव तायडे बुलबुलतरंग जुळवायला घेत तेव्हा आधी चष्मा काढून खिशात ठेवत, मग सतरंजीवर ओणवे होऊन हनुवटी सरळ वाद्याच्या लाकडावर टेकवत. डोळे मिटलेले, एका हातात तार पिळायची चाबी, दुसऱ्या हाताची नखी तारेवर. टिंग, टिंग, टिंग. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गृहस्थांना डुलकी लागली. मग नजर वर केली, तर हॉलमधली तीसच्या तीस माणसं आपापल्या वाद्यावर हनुवटी टेकवून पडलेली. हसू दाबायला मला रुमाल काढावा लागला.

ज्यांनी बुलबुलतरंग पाहिला नसेल त्यांना सांगते. लांबट लाकडी डबा, त्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं नखी मारायची. काही तारा गाणं वाजवतात, बाकीच्या नुसत्या सोबत गुणगुणतात. मी त्याला डबाच म्हणायची. लहानपणी अमरावतीला मी पाच वर्षं सतार शिकले. सतार आली नाही, सतारवाल्यांचा तोरा तेवढा आला. पुढे अकोल्याच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागले आणि तो तोरा शाळेतही नीट सांभाळला.

या वर्गात मी संगीतासाठी आलेच नव्हते. बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं, प्लास्टर निघालं आणि डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. शेजारच्या शोभाताईंनी मला रविवारी दुपारी विहारामागच्या हॉलमध्ये नेऊन बसवलं. निवृत्त तलाठी, मेडिकलवाले, सुना घरी ठेवून आलेल्या सासवा, असा तो सगळा जमाव. तायडे एसटीचे निवृत्त डायवर. कौंडण्यपूरच्या जत्रेला जादा गाडी घेऊन गेले, परतीला अवकाश होता म्हणून तिथं एक बुलबुलतरंग विकत घेतला, आणि पुढची कितीतरी वर्षं मुक्कामाच्या गावी बॉनेटवर ठेवून एकटेच वाजवत राहिले. निवृत्त झाल्यावर वर्ग काढला. कुणी मास्तर म्हटलं की म्हणायचे, "मास्तर नोका म्हनू. डायवर म्हना. मास्तर चुकला तर पोरगं नापास होते, डायवर चुकला तर गाडी नाल्यात जाते."

त्यांचं शिकवणंही गाडीवरचंच. कुणी पुढे पळालं की म्हणत, "ओव्हरटेक नोका करू. समोरची गाडी बी आपलीच आहे." कुणाचं बोट अडकलं की, "गिअर अटकला तर गाडी सोडून पळतात का? क्लच दाबा, पुन्हा टाका." एकट्यानं वाजवून दाखवायला बंदी होती. मेडिकलवाल्यांना एकट्यानं वाजवायची भारी हौस. त्यांना ते एकदा म्हणाले, "सगळे पोचले पायजे. एकटा पोचला तर त्याले गाडी नाई म्हनत, फटफटी म्हनतात." मेडिकलवाले पुढचे दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले आणि सगळ्यांबरोबर पोचले.

त्यांना काही विचारलं की मात्र पंचाईत व्हायची. आपण विचारावं एक, ते सांगणार दुसरंच. पण शिक्षकांचं तसं असतंच. मी पंचवीस वर्षं तेच करत आले आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

हनुवटीचं कारण मी एकदा तलाठ्यांना विचारलं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ते आमचं घराणं आहे. दोन तारा जुळल्या नसल्या की लाकडात थरथर होते, ती हनुवटीला कळते, जुळल्या की ती थांबते. मी म्हटलं, मग देवानं कान कशाला दिलेत? तलाठी म्हणाले, "ते मले काय मालूम? डायवर टेकवतात, आमी टेकवतो." सोमवारी शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डस्टरच्या खोक्यावर हनुवटी टेकवून तायड्यांची नक्कल केली. इतकी रंगली की मंगळवारी पुन्हा करावी लागली. मग माझी ती सवयच झाली. हळदीकुंकू असो नाहीतर वाढदिवस, लोक म्हणायचे, बाई, ते डायवर करून दाखवा.

तशीच ती मी अमरावतीला बुलबुलतरंगाच्या कार्यशाळेत केली. ही कार्यशाळा प्राचार्य इंगोले घेत. निवृत्त प्राचार्य, स्वच्छ सफारी, आणि बुलबुलतरंगावर इतकं व्याख्यान की दोन दिवसांत प्रत्यक्ष वाद्याचं कव्हर तेवढं काढून झालं. चहाच्या वेळी मी घोळक्यात डायवर करून दाखवले. सगळे हसले. इंगोले हसले नाहीत. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "हनुवटीचा नेमका कोणता भाग?" मला तेव्हाच सांगायला हवं होतं की सर, ही टिंगल आहे. पण टिंगलीला एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता. मी बोट लावून भाग दाखवला.

चार महिन्यांनी पत्र आलं. अमरावतीला बुलबुलतरंगवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात तायड्यांचा सत्कार, आणि सत्कारानंतर इंगोल्यांशी मंचावर जाहीर संवाद. विषय होता ‘अस्थिनादाची वऱ्हाडी परंपरा’. वर्गात आनंदीआनंद. तायडे पत्र घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमी थांबा जरा."

सगळे गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. "मले ऐकू येत नाई, मॅडम," म्हणाले. इतकं साधं, जसं कुणी सांगावं की मला गोड चालत नाही. "डावा कान नोकरीतच गेला, बॉनेटच्या बाजूचा. उजवा त्याच्या मागं गेला. सहा वर्सं झाले."

मी म्हटलं, कानाचं मशीन का नाही लावत?

"लावलं होतं. त्यात पंखा ऐकू येते, भांडे ऐकू येतात, तार ऐकू येत नाई. अन् मशीन लावून बसलो तर लोक म्हनतीन, हा बहिरा आपल्याले काय गानं शिकवते?" मग हात वाद्यावर ठेवून म्हणाले, "गाडीचं इंजन डायवर कानानं नाई ऐकत, बुडाखालून ऐकते. गिअरच्या दांडीतून ऐकते. मी म्हटलं, तार बी तशीच ऐकू. घरी सगळे बोलत राहतात, मी भिताडाकडे पाहत बसतो. अथी हात ठेवला का मले तीस मान्सं ऐकू येतात. हा रविवार गेला तर माझ्याजवळ काई नाई राहत, मॅडम."

त्यांचं मागणं छोटं होतं. मेळाव्यात मी पहिल्या रांगेत बसायचं आणि इंगोले विचारतील ते प्रश्न आवाज न काढता ओठांनी पुन्हा म्हणायचे. "तुमाले वर्गात वरडून वरडून सवय आहे, तुमचे ओठ साफ हालतात. शोभाताई तर ओठ मिटूनच बोलते, तिचं मले एका वर्सात एक अक्षर समजलं नाई." मी हो म्हटलं. ज्या नकलेमुळे हे पत्र आलं ती नक्कल माझी, हे मात्र सांगायची माझी हिंमत झाली नाही. घरी आल्यावर मला माझी शरम वाटली. जी माणसं माझ्या नकलेला हसली होती त्यांचीही वाटली, पण माझी जास्त.

मेळावा अकराला सुरू होणार होता. साडेअकराला दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. तेल्हाऱ्याहून आणि भातकुलीहून आलेली मंडळी वाद्यं मांडीवर घेऊन दीड वाजेपर्यंत भाषणं ऐकत होती. शेवटी तायड्यांना शाल, नारळ आणि फेटा. फेटा कानांवरून बांधला, त्यानं काही बिघडणार नव्हतं. मी पहिल्या रांगेत ओठ तयार ठेवून बसले.

इंगोल्यांनी माइक तोंडापुढे धरला आणि विचारलं, "तायडेजी, ही परंपरा आपणास कोणत्या गुरूंकडून लाभली?"

माइकनं त्यांचे ओठ पूर्ण झाकले होते. तायड्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि नेमके त्याच वेळी सत्काराचे फोटो काढायला आठ-दहा जण मोबाइल उंचावून मंचापुढे आले आणि माझ्या पुढ्यात पाठी करून उभे राहिले. मी उठले, डावीकडे झाले, उजवीकडे झाले. मला दिसत होता तो फक्त फेट्याचा तुरा. इंगोल्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. कुणीतरी मागून म्हणालं, गहिवरून आलं असेल.

मग तायड्यांनी माइक हातात घेतला. "सर, तुमी काय म्हनून राहिले ते मले समजलं नाई. मले ऐकूच येत नाई. म्हनून हनुवटी टेकवतो. परंपरा-गिरंपरा काई नाई. कान नाई, म्हनून हनुवटी."

इंगोल्यांच्या हातात टाइप केलेले बारा कागद होते. त्यांनी ते उलटे केले, पुन्हा सुलटे केले आणि म्हणाले, आता आपण चहापान करू. चहा अजून आला नव्हता. अकोल्याची तीस माणसं आपापल्या डब्याकडे पाहत बसली. आपण इतकी वर्षं काय करत होतो, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. कुणीतरी हसलं. तायड्यांना ते ऐकू आलं नाही, पण दिसलं. परतीच्या गाडीत ते डायवरच्या मागच्या सीटवर बसले आणि अकोल्यापर्यंत रस्त्याकडे पाहत राहिले.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले. तायडे आधीच आले होते. वाद्य आणलं नव्हतं, नुसती हॉलची किल्ली हातात. "ही विहारात देऊन टाका," म्हणाले. मी किल्ली घेतली नाही. एवढ्यात शोभाताई आल्या, मग तलाठी, मग एकेक करत जवळजवळ सगळेच. मला क्षणभर वाटलं, काय थोर माणसं ही. तसं काही नव्हतं. अमरावतीच्या प्रवासात सगळ्यांच्या तारा उतरल्या होत्या. मेडिकलवाल्यांनी मोबाइलवर सूर लावायचं ॲप आणलं होतं. ॲपमध्ये प्रत्येकाचा सूर हिरवा दिसत होता आणि सगळ्यांनी मिळून वाजवलं की नुसतं भांडण. कानानं जुळवायचा प्रयत्न झाला, तेव्हा उघड झालं की अकोल्यात कानानं तार लावता येणारं माणूसच उरलेलं नाही. पाच वर्षं सतार शिकलेली मीसुद्धा त्यातलीच. शेवटी एकेकाची हनुवटी खाली गेली.

शोभाताई तायड्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ओठ उघडून बोलल्या, "तुमाले ऐकू येत नाई तर नाई. आमाले तरी कुठं येते? माही खालची तार बसून राहिली नाई, पाहा जरा."

तायड्यांनी किल्ली खिशात टाकली, चष्मा काढला आणि ओणवे झाले.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. स्टाफरूम, हळदीकुंकू, अमरावतीचा चहा, डायरी. ते माझ्या ओठांकडे पाहत ऐकत राहिले. मग म्हणाले, "करून दाखवा." मी म्हटलं, नको. "दाखवा तं. गावानं पाहिलं, मीच काहून राहू?" मी डब्यावर हनुवटी टेकवली. मला रडू येत होतं. त्यांनी माझी मान धरून जराशी डावीकडे सरकवली. "अशी. नक्कल करता तर बरोबर करा," म्हणाले, "अथी हाड असते. आता छेडा तार." मी तार छेडली. ती दातांतून कपाळापर्यंत गेली. इतके दिवस मी नुसती पडून राहत होते, ऐकत नव्हते.

त्यानंतर दोन वर्षं वर्ग चालला. दिवाळीआधी एका दुपारी जेवून ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शोकसभेत इंगोले चाळीस मिनिटं परंपरेवर बोलले. या वेळीही मी त्यांना अडवलं नाही. तीस माणसं हनुवटीनं तार लावत असतील तर त्याला आणखी काय म्हणायचं, ते मलाही आता सांगता येत नाही. हॉलची किल्ली माझ्याकडे आली. मी शिकवताना फार बोलते, अशी वर्गाची तक्रार आहे.

गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर दारात इंगोले उभे. सफारी तशीच स्वच्छ, हातात नवं वाद्य, नवं कव्हर. "थोडं संशोधन बाकी होतं," म्हणाले, "ती हनुवटीची पद्धत जरा प्रत्यक्ष समजून घ्यावी म्हटलं." ते बसले. मी त्यांच्या मागच्या कपाटातून चाबी काढत विचारलं, सर, चहा घेणार? ते काही बोलले नाहीत. मी समोर येऊन पुन्हा विचारलं. ते माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते. "हो," म्हणाले, "बिनसाखरेचा."

पूर्वीची मी असते तर ही गोष्ट स्टाफरूमला महिनाभर पुरली असती. मी कुणाला काही सांगितलं नाही. इथं लिहिते आहे, पण नाव बदलून, एवढं आता मला कळतं. मी माझा डबा त्यांच्यासमोर सरकवला, त्यांना दिसेल असं तोंड उघडून म्हटलं, "चष्मा काढा, सर," आणि त्यांची मान धरून जराशी डावीकडे नेली.